आतून बघणारे सर

प्लास्टिक सर्जरीच्या विभागात असे एक सर असतातच. रेसिडेंटने मायक्रोस्कोपला डोळे लावून, श्वास रोखून, चिकनच्या तंगडीतली मिलिमीटरभर रुंदीची रक्तवाहिनी आठ टाक्यांत जोडलेली असते. दोरा ‘टेन-झिरो’, केसाहून बारीक. शिंकलात तर गेलाच. सिरिंजने रंगीत पाणी सोडलं, थेंब गळला नाही. पोरगं शाबासकीच्या आशेने वर बघतं. सर चष्मा पुसतात आणि म्हणतात, “कात्री.”

वाहिनी उभी चिरून उताणी पसरली जाते. पाणी काय, गंजक्या नळातूनही येतं, हे सरांचं मत. बाहेरून टाके कितीही देखणे असोत, हिशेब आतल्या अस्तरावर. पुढची भिंत शिवताना मागचीही सुईत आली का? दोऱ्याचं टोक प्रवाहात लोंबतंय का? हा टाका तिरका, हा खोल, ह्या दोघांत एवढी फट कोणासाठी ठेवलीय? 2016 साली अशा दहा प्रकारच्या चुका मोजणारी ‘अ‍ॅनास्टोमोसिस लॅप्स इंडेक्स’ नावाची पद्धत आली. आधी सर नुसते ओरडायचे, आता आकड्यांत ओरडतात.

उंदराच्या जिवंत धमनीवर मात्र कात्रीआधी चिमट्यांचा मान. जोडाच्या पुढे दोन चिमटे धरायचे, दुसऱ्याने रक्त पुढे निपटत न्यायचं, मग पहिला सोडायचा. रिकामा भाग झर्रकन भरला तर जोड वाहता. एखाद्याने खात्रीसाठी पुन्हा निपटायला घेतलं की सर हात धरतात. “अस्तर खरवडतोयस. विश्वास ठेव.” हे कोण सांगतंय, तर सर!

रक्तवाहिन्या जोडणारा सर्जन अ‍ॅलेक्सिस कॅरल लियाँमधल्या भरतकाम करणाऱ्या बाईकडे सुई धरायला शिकला आणि 1912 साली नोबेल घेऊन गेला, ही गोष्ट प्रत्येक बॅचला ऐकावी लागते. रोख असा, की तुमच्याऐवजी त्या बाईंनाच भरती करायला हवं होतं. घरी दिवाळीत करंजीची मुरड कोणी कौतुकाने दाखवली, की सर ती आधी मधोमध फोडतात. वहिनी हल्ली त्यांच्या ताटात लाडूच वाढतात.

गेल्या वर्षी सरांचीच बायपास झाली. सर्जन त्यांचा जुना विद्यार्थी. शुद्धीवर येताच पहिला प्रश्न, “टाके कसे पडलेत?”

“मीटरवर फ्लो उत्तम आहे, सर.”

“फ्लो राहू दे. आतून कसं दिसतंय?”

“ते बघायचं तर चिरावं लागेल, सर,” विद्यार्थी अदबीने म्हणाला. “कात्री मागवू?”