शर्यतीचा खोंड औताला

ज्याची जुनी गाडी कधीच पुरी होत नाही, असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. आमच्या काष्टीत त्यांना अण्णा म्हणतात. दुसऱ्या कुणा अण्णांविषयी बोलायचं तर आडनाव लावावं लागतं. नुसते अण्णा म्हणजे फियाटवाले.

फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा अण्णांनी घरातलंच कुणी गेल्यासारखी दोन दिवस दाढी केली नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघताना या १०८९ सीसीच्या इंजिनात चाळीसेक घोडे असायचे. अण्णांच्या मते त्यांतले निम्मे आता पेन्शनीत निघालेत.

शनिवारी मात्र अण्णा जनावरांच्या बाजारात सापडतात. दात बघून वय सांगावं, चार पावलं चालवून खुराची खोड काढावी, आणि ती अण्णांनीच. परवा शेजारचा पोरगा एका खिल्लार खोंडावर भाळला, तर अण्णा गरजले, “आरं, शर्यतीचा खोंड हाय त्यो. दम लागंस्तवर पळंल आन् तासात हुबा ऱ्हाईल. तुला औत हाकायचाय का बक्षीस घ्यायचंय?” पोरानं मुकाट्यानं जुळलेला बैल घेतला.

हेच अण्णा रविवारी फियाटला शर्यतीचा कॅम बसवायला निघाले.

कॅम म्हणजे इंजिनाच्या पोटातला दांडा. त्यावर आठ उंचवटे. क्रँकचे दोन फेरे झाले की याचा एक. उंचवटा वर आला की टॅपेट उचलतो, पुशरॉड रॉकरला ढकलतो आणि वाल उघडतो. वाल किती आणि किती वेळ उघडा राहणार, हे त्या उंचवट्याच्या आकारावर. जास्त वेळ उघडा ठेवला, तर इंजिन जोरात फिरताना पोटभर हवा घेतं. पण हळू चालताना वर येणारा पिस्टन तीच हवा उलटी बाहेर लोटतो. म्हणजे टॉप वाढतो आणि खालचा ओढा जातो. वर जे मिळतं ते खालून कापून दिलेलं असतं.

मिस्तरी म्हणाला, “अण्णा, वाल २६० अंश उघडा राहील असा घासून घ्या, रस्त्याला तेवढा पुरे.” अण्णांनी ३०० सांगितला. मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर एके काळी फियाटी पळायच्या, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. भंगारातून एक सुटा कॅम मिळवून तो पुण्यात घासून आणला. नवरीमागून वऱ्हाड यावं तसं मग एकेक यायला लागलं: कडक स्प्रिंगा, मोठा कार्बोरेटर, रुंद सायलेन्सर. काकूंनी फक्त कापसाचे पैसे कुठे गेले एवढंच विचारलं.

रेडिएटर उतरला, टायमिंगचं कव्हर उघडलं, जुना कॅम बाहेर आला. नव्याला काळं ग्रीस चोपडून तो बाळंतिणीच्या हातात बाळ द्यावं तसा हलकेच आत सरकवला. क्रँकच्या पुलीवर नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक चिकटवून अंश मोजले. सेल्फ मारला आणि कार्बोरेटरमधून असा बार उडाला, की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. टायमिंग चेन एक दात चुकली होती. दातांची पारख करण्यात पंचक्रोशीत नाव असलेला माणूस एका दातानं फसला! नातवानं हे गावभर केलं.

दुसऱ्या खेपेला इंजिन लागलं. पहिली वीस मिनिटं ते स्लोवर सोडायचं नसतं; दोन हजार फेऱ्यांच्या वर धरायचं, नाहीतर नवे उंचवटे टॅपेटखाली घासून सपाट होतात. ती वीस मिनिटं आळीत कुणी कुणाशी बोललं नाही. काकूंनी चहाचं खुणेनं विचारलं.

शनिवारी अण्णा मिरवायला निघाले. दौंडच्या रस्त्यावर एका मोकळ्या तुकड्यात साडेतीन हजार फेऱ्यांच्या पुढे गाडी अशी उसळली, की अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. चार सेकंदांनी पुढे उसाची ट्रॉली आली. तिच्यामागे दुसरी. मग बाजार, शेळ्यांचा कळप, टेम्पो, रस्त्यातच सौद्याला उभी माणसं. गाडीला चालायचं होतं पायी चालण्याच्या वेगानं, आणि नेमकं तेच तिला येत नव्हतं. ढकढक ढकढक करत ती भर बाजारात बंद पडली. तीनदा पडली.

ढकलायला आला तो शेजारचाच पोरगा. पाठ लावून जोर करता करता त्यानं खिडकीशी वाकून विचारलं, “अण्णा, औत हाकायचाय का बक्षीस घ्यायचंय?”

अण्णा काही बोलले नाहीत. रविवारी पुन्हा रेडिएटर उतरला. शर्यतीचा कॅम आता तेलकट फडक्यात गुंडाळून कपाटावर आहे, पाहुण्यांना दाखवतात. जुना परत आत गेला, आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू होते.