सव्वा टक्क्याचा मालक

रावेतमध्ये फ्लॅट घेणारा माणूस सगळं पारखून घेतो. मुकाई चौक किती लांब, एक्स्प्रेस वे किती जवळ, हिंजवडीला किती मिनिटं (बिल्डरच्या घड्याळात), गॅलरीतून पवना दिसते की नुसती तिचे डास येतात. आपण सोसायटीत राहणार की अपार्टमेंटमध्ये, हे मात्र कुणीच विचारत नाही. ते बिल्डरने ठरवलेलं असतं आणि मालकाला कळतं पहिल्या भांडणात.

सोसायटी 1960च्या सहकार कायद्याखाली, अपार्टमेंट 1970च्या वेगळ्या कायद्याखाली. बिल्डरवर लक्ष ठेवायला 1963चा मोफा, शिवाय 2016चा रेरा. डोक्यावर कायद्याचे एवढे स्लॅब असूनही टेरेस गळते, आणि ती कुणी दुरुस्त करायची यावर कमिटीत दोन तट असतात.

सोसायटीत एका सभासदाला एक मत. अपार्टमेंटमध्ये घोषणापत्रात ज्याचा अविभक्त हिस्सा मोठा, त्याचं मत जड. ऐंशी फ्लॅटच्या संकुलात तुमच्या वाट्याला साधारण सव्वा टक्का येतो. लिफ्टचा सव्वा टक्का, जिन्याचा सव्वा टक्का, वॉचमनच्या झोपेचा सव्वा टक्का. थ्री बीएचकेवाले काका मतदानाच्या वेळी या हिश्श्याचा मोठा अभिमान बाळगतात. मेंटेनन्सची पावती आली की तेच काका कट्टर समतावादी होतात. "लिफ्टमध्ये मी काय दीडपट जागा अडवतो?" असं विचारतात, पोट सावरत. वन बीएचकेवाला मग अपार्टमेंट कायद्याचं कलम 10 काढून दाखवतो : सामाईक खर्च हिश्श्याच्या प्रमाणातच वाटायचा. 2025 मध्ये पुण्यातल्या एका संकुलाच्या वादात मुंबई उच्च न्यायालयानेही हाच हिशेब ग्राह्य धरला. काकांनी तेव्हापासून न्यायव्यवस्थेवर बोलणं सोडलंय.

कायद्यात सुधारणा होत नाहीत असं नाही. अपार्टमेंटवाल्याला पूर्वी तक्रारीसाठी दिवाणी न्यायालयात जावं लागे, म्हणजे खटला नातवाच्या भरवशावर. आता निबंधकाकडे जाता येतं. रांग बदलली, हीसुद्धा प्रगतीच.

पण आमची आवडती सुधारणा वेगळीच. सोसायटी नोंदली की 4 महिन्यांत बिल्डरने जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं अभिहस्तांतरण, करून द्यावं, हा मोफाचा जुना नियम. मोफा मोडणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. बिल्डर काही घाबरले नाहीत. तेव्हा सरकारने 2008 मध्ये दुरुस्ती करून 'मानीव अभिहस्तांतरण' आणलं. बिल्डरने दिलं नसलं तरी दिलं असं मानायचं. ते मानून घेण्यासाठी अर्ज, कागदपत्रं, हेलपाटे आणि वकिलाची फी मात्र खरीखुरी.

हे तत्त्व जमिनीपुरतंच का ठेवायचं? रावेतच्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवडसाठी पाणी उचललं जातं आणि रावेतच्या सोसायट्या टँकरची वाट बघतात. 2019च्या नोव्हेंबरात शहराला दिवसाआड पाणी सुरू झालं. मधल्या दिवशी 'मानीव पाणी' सोडावं, नळ उघडून श्रद्धेने बादली धरावी. ब्रोशरमधला स्विमिंग पूल मानीव. सांडपाण्याचा एसटीपी तर बऱ्याच ठिकाणी पहिल्यापासूनच मानीव आहे, फक्त वास प्रत्यक्ष.

वार्षिक सभेलाही हे लागू करता येईल. सध्या गणसंख्या नाही म्हणून अर्धा तास सभा तहकूब करतात, मग गणसंख्येची अटच राहत नाही. तेवढ्या वेळात चहा-सामोसे येतात, हा त्या नियमाचा खरा उपयोग. त्यापेक्षा सरळ मानीव उपस्थिती लावावी. यंदा अकराजण आले. लिफ्टच्या नव्या दोराला मंजुरी मिळाली, गणपतीच्या वर्गणीवर तासभर चर्चा झाली आणि टँकरचं बिल समान वाटायचं की हिश्श्याने, हा विषय काकांच्या विनंतीवरून पुढच्या सभेवर ढकलला.