बाद फेरीचा ज्योतिषी

आकडेमोडीत माझा हात कोणी धरू शकत नाही, कारण तो कुठे चालला आहे हे मलाच माहीत नसतं. 2023 च्या उन्हाळ्यात टोमॅटोला भाव नाही म्हणून मी उभा प्लॉट उपटून टाकला. पुढे भाव येणारच नाही, हे मी कागदावर मांडून दाखवलं होतं. जुलैत नारायणगावच्या मार्केटात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. शेजारच्या वस्तीवर नवा ट्रॅक्टर आला आणि त्याचे पेढे माझ्या घरी आले. अशा माणसाने 2024 च्या डिसेंबरात प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटणच्या बाद फेरीचं गणित मांडायला घेतलं आणि गावातल्या चांगल्या शहाण्यासुरत्या लोकांनी त्यावर खिशात हात घातला, यात दोष कोणाचा ते वाचकांनी ठरवावं.

कबड्डीतला माझा अधिकार मात्र गावात निर्विवाद आहे. तरुणपणी साठ किलो वजनी गटात मी मंडळाकडून खेळलो आहे. म्हणजे संघाच्या फोटोत आहे. राखीव खेळाडूंनी मैदानाबाहेर बसून कपडे, चपला आणि पाण्याची कळशी सांभाळायची असते. तिथून खेळ जेवढा नीट दिसतो तेवढा आत असलेल्यांना दिसत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तर पलटण. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून तिने पहिल्यांदा प्रो कबड्डीचा करंडक उचलला. त्या मोसमात साखळीतल्या 22 सामन्यांत फक्त दोन पराभव आणि 96 गुण. कर्णधार अस्लम इनामदार आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला. डाव्या कोपऱ्यात इराणचा मोहम्मदरझा शादलूई, ज्याला पलटणने लिलावात 2 कोटी 35 लाखांना घेतलं होतं. (या रकमेचे टोमॅटोचे क्रेट किती होतील हे मी काढून पाहिलं. जुलैच्या भावाने काढलं की झोप लागत नाही.) त्या रात्री आमच्या पारावर फटाके वाजले. ते मी आणले होते.

पुढच्या मोसमासाठी शादलूईला सोडून दिलं. हरियाणाने त्याला 2 कोटी 7 लाखांना उचललं. मी पारावर सांगितलं, ‘‘बरं झालं. महागडा माल. तो गेल्याने काही फरक पडत नाही.’’ पलटणने पहिल्याच सामन्यात त्याच हरियाणाला लोळवलं, तेव्हा माझा भाव जुलैच्या टोमॅटोसारखा वधारला. पारावर चहा पाजायला लोक रांगेत.

मग नोव्हेंबरात अस्लमचा गुडघा गेला आणि तो मोसमाबाहेर पडला. कर्णधार म्हणजे नुसता नाणेफेकीला पुढे जाणारा माणूस नव्हे. दोन चढाया रिकाम्या गेल्यावरच्या तिसऱ्या चढाईला, म्हणजे गुण आणला नाही तर बाद, अशा वेळी ज्याच्याकडे सगळे बघतात तो. पंकज मोहिते, मोहित गोयत, आकाश शिंदे ही पोरं जीव तोडून खेळत होती, पण जिंकत आलेला सामना शेवटच्या चार मिनिटांत निसटायला लागला. कधी बरोबरी, कधी चार-पाच गुणांनी हार. गुणतक्त्यात पलटण एकेक पायरी उतरत होती आणि मी एकेक वही भरत होतो.

तेव्हाच्या नियमाने बारा संघांतून सहा पुढे जाणार. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, तिसरा ते सहावा एलिमिनेटरमध्ये. विजयाला पाच गुण, बरोबरीला तीन, आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलं तरी एक. हा शेवटचा एक गुण म्हणजे माझ्यासारख्याचा घात. जिथे हरूनही काहीतरी मिळतं तिथे आशेला अंत नसतो. खताच्या उधारीच्या वहीत मागच्या पानापासून मी मांडणी सुरू केली. पलटणने उरलेले जवळजवळ सगळे सामने जिंकायचे. जयपूरने हरायचं. तेलुगू टायटन्सने हरायचं, तेही सातपेक्षा जास्त गुणांनी, म्हणजे त्यांना तो एकही गुण नको. आणि यू मुम्बाने तर सगळ्यांशी हरायचं.

इथे घरगुती अडचण होती. माझे दाजी घोडेगावचे. उभी हयात मुंबईत डबे पोचवण्यात गेली. आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळातल्या कितीतरी घरांचं मुंबईशी असं डब्याचं किंवा माथाडीच्या पाटीचं नातं आहे. आता दाजी गावी असतात, पण मनाने अजून लोकलमध्ये. त्यामुळे कट्टर यू मुम्बावाले. मी वही घेऊन घोडेगावला गेलो. दाजींनी चष्मा लावून सगळं वाचलं, एकदा उलटं धरूनही पाहिलं.

‘‘पाव्हणं,’’ ते म्हणाले, ‘‘यात तुमची पलटण कुठंय?’’

‘‘ही काय. सहावी.’’

‘‘ते तुम्ही लिवलंय. खेळणार कधी? नुस्ती दुसऱ्यांनी हरायची यादी हाये ही. चर्चगेटचा डबा चर्चगेटला पोचवायचा आसंल तर अंधेरीच्या गिऱ्हाइकानं उपाशी राहून भागत न्हाई.’’

दाजींना खेळातलं कळत नाही असं मी ताईला सांगून चहा पिऊन निघालो.

त्या वर्षीचा शेवटचा टप्पा पुण्यातच होता. 3 ते 24 डिसेंबर साखळी, मग बाद फेरी आणि 29 ला अंतिम सामना, सगळं बालेवाडीला. गतविजेता संघ, घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. मी पारावर जाहीर केलं की पलटण अंतिम फेरीत असणार आणि तिकिटं आत्ताच काढली नाहीत तर मागाहून काळ्या बाजारात घ्यावी लागतील. पुतण्याच्या मोबाइलवरून, ठरवलेल्या बोलेरोत मावतील त्याहून थोडी जास्तच तिकिटं काढली. पैसे गोळा केले. तिकिटाखाली बारीक अक्षरात ‘परतावा मिळणार नाही’ असं लिहिलं होतं ते पुतण्याने मोठ्याने वाचलं. मी म्हटलं, ‘‘परतावा मागणार कोण?’’

सगळे मागणार होते. साखळी संपायच्या आतच पलटणचा कारभार आटोपला. शेवटी 60 गुण आणि आठवा क्रमांक. सहाव्या जयपूरचे 70. तेलुगू टायटन्सवर मी विनाकारण एवढी शाई घालवली, तेही बिचारे सातवे येऊन बाहेरच बसले. आणि यू मुम्बा पाचव्या क्रमांकाने दिमाखात आत गेली. दाजींचा फोन आला. काही बोलले नाहीत. नुसते हसले आणि ठेवला.

आता माझ्यासमोर दोन वाटा होत्या. एक, सगळ्यांचे पैसे खिशातून परत द्यायचे. दुसरी, तत्त्वज्ञान सांगायचं. मी पारावर उभा राहून म्हणालो की संघ येतात-जातात, खेळ मोठा. बुवा साळवींनी ज्या खेळासाठी आयुष्य वेचलं तो खेळ बघायला आपण चाललो आहोत, कोणाची पलटण बघायला नाही. पारावरचे आबा म्हणाले, ‘‘मग पैसं दे, आन् तू एकटा जाऊन खेळ बघ.’’ शेवटी गाडीचं डिझेल आणि मंचरला मिसळ माझ्याकडून, या अटीवर तह झाला. दाजी घोडेगावहून मंचरला येऊन गाडीत बसले. यू मुम्बा एलिमिनेटरमध्ये पाटण्याकडून 31-23 ने हरली होती, त्यामुळे त्यांचं तोंड माझ्याइतकंच उतरलं असेल या आशेवर मी होतो. नव्हतं उतरलं.

चाकणला रविवार असूनही गाड्यांच्या रांगा होत्याच. त्या वेळात आबांनी माझी वही मागून घेतली आणि गाडीत मोठ्याने वाचली. ‘जयपूर हरेल, कारण मागच्या वेळी जिंकलं होतं,’ हे वाक्य लोकांना इतकं आवडलं की मोशीपर्यंत तेच चाललं.

बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, आणि त्यात चुकायला भरपूर जागा ठेवली आहे. मी आघाडीवर. मोठं स्टेडियम दिसलं तिकडे सगळ्यांना चालवत नेलं. तिथे अंधार आणि एक वॉचमन. तो म्हणाला, कबड्डी बॅडमिंटन हॉलमध्ये आहे. आबा जागेवर थांबले. ‘‘कबड्डी बॅडमिंटनच्या हॉलात, आन् फायनलला पलटण न्हाई. पुढं काय दाखवनार हायस?’’

पुढे शादलूई दाखवला. हरियाणाच्या जर्सीत, पुण्याच्या मॅटवर, डाव्या कोपऱ्यात हात पसरून उभा. समोर पाटणा पायरेट्सचा देवांक दलाल. त्या मोसमात 300 च्या वर गुण चढाईत मिळवलेला एकटा. त्या रात्री मात्र त्याला हरियाणाच्या बचावाने श्वास घेऊ दिला नाही. घोट्याला हात पडला की गडी गेला. दुसऱ्या बाजूने आपला मराठी पोरगा शिवम पटारे शांतपणे जाऊन गुण आणत होता, त्यामुळे मध्यंतरानंतर आमची अख्खी रांग हरियाणवी झाली. 32-23. हरियाणाचा पहिला करंडक. शादलूईचा ओळीने दुसरा, दोन वेगवेगळ्या संघांकडून. ‘‘महागडा माल,’’ दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘गेल्यानं काय फरक पडत न्हाई.’’ ही पारावरची गोष्ट घोडेगावला कोणी पोचवली हे अजून कळलेलं नाही.

परतीला बोलेरोवाल्याने मला हायवेलाच फाट्यावर सोडलं. वस्तीपर्यंत आत गाडी घालायला डिझेल पुरणार नाही म्हणाला. डिझेल मी भरलं होतं.

जुन्नरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, आणि तिथे जागा कमी पडावी इतके पाहुणे बाहेर मोकळे आहेत. रात्री एकट्याने जाऊ नका, जावंच लागलं तर काठी, बॅटरी घ्या आणि मोठ्याने आवाज करत चला, असं वनखातं सांगतं. काठी नव्हती. मोबाइल चाकणच्या रांगेतच झोपला होता. दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस, थंडी हाडात शिरलेली. आवाज करायचा तर काय करायचा? डोक्यात जे होतं तेच तोंडात आलं. दम भरला आणि ‘‘कबड्डी कबड्डी कबड्डी’’ करत सुटलो.

दम कितीसा टिकणार. थांबलो, धापा टाकल्या, परत भरला. राखीव खेळाडूची आयुष्यातली पहिली चढाई, आणि समोर संघ दिसत नाही.

संघ होता. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. शेजारची मंडळी बिबट्याच्या भीतीने घोळक्याने कांद्याला पाणी भरत होती. त्यातच मागच्या पंधरवड्यात विहिरीवरची केबल चोरीला गेलेली. उसाच्या कडेने कोणीतरी धापा टाकत, पुटपुटत पळतंय म्हटल्यावर त्यांनी बॅटऱ्या विझवल्या आणि दबा धरला. मला चाहूल लागायच्या आत माझा घोटा कोणाच्या तरी मुठीत होता आणि मी पाटात. वरून तिघांची साखळी पडली.

‘‘कोण रं तू?’’

दम संपला होता. तोंडातून एवढंच निघालं, ‘‘कबड्डी...’’

‘‘बेवडा हाय,’’ एकजण म्हणाला. ‘‘केबल बघा कुठं टाकली.’’

बॅटरी तोंडावर पडली तेव्हा ओळख पटली. घोटा धरणारा पोरगा अकरावीतला, शाळेच्या संघात कोपरा खेळतो. पकड अशी स्वच्छ की मी चिखलात पडल्या पडल्या त्याला शाबासकी दिली. पेढेवाले शेजारी म्हणाले, ‘‘काय ओ, पलटण तर कवाच बाहेर पडली ना? मग एवढ्या रातचं कशाला गेलता?’’ घरी पोचल्यावर मंडळींनीही शब्दशः हेच विचारलं.

2025 ला पारावर ठराव झाला की मोसम संपेपर्यंत मी वही उघडायची नाही. तेव्हा लीगवाल्यांनी नियमच बदलले. विजयाला दोन गुण, हरणाऱ्याला शून्य. थोडक्यात हरल्याचा एक गुण गेला. आणि बाद फेरीचं दार थेट आठव्या क्रमांकापर्यंत उघडलं. ज्या आठव्या क्रमांकासाठी मी पाटात लोळलो त्याला आता प्ले-इन. पलटणने, अजय ठाकूरच्या हाताखाली, अस्लम परत येऊन, काय करावं? दुसऱ्याच्या हारजितीकडे न बघता पहिल्या दोघांत जाऊन बसली. आकडेमोड करायला जागाच ठेवली नाही.

31 ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना दबंग दिल्लीने पलटणकडून 31-28 असा घेतला. शिटी वाजली आणि दाजींचा फोन.

‘‘तीननं गेली न्हवं पाव्हणं?’’

‘‘तीनने.’’

‘‘वही उघडली व्हती का?’’

मी गप्प राहिलो. फक्त मधल्या विश्रांतीत, एकच पान.

‘‘तरीच,’’ दाजी म्हणाले, आणि ताईला हाक मारून सांगायला गेले.