फेरफार क्रमांक 88

ज्या गृहस्थाने आयुष्याची चौतीस वर्षे तहसील कचेरीतील मेजामागे बसून, ज्यांनी जमीन डोळ्यांनी पाहिलेली नाही अशांचे जमिनीविषयीचे अहवाल वाचण्यात घालविली, त्याने निवृत्तीनंतर तीर्थयात्रा कराव्या, ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीसपद पत्करावे, किंवा फार तर गच्चीत कुंड्या लावाव्या, अशी समाजाची रास्त अपेक्षा असते. आमच्या वरच्या मजल्यावरील भाऊसाहेबांनी ती साफ धुडकावली. मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीस गेला, तेव्हा त्याच्या खोलीत मागे राहिलेल्या सामानात मेजाला पेचांनी आवळलेले मोटारीचे एक स्टिअरिंग होते. लॉजिटेक जी 29 या नावाने 2015 साली बाजारात आलेल्या त्या बेवारस मालाचा पंचनामा करण्यास म्हणून भाऊसाहेब खुर्चीवर बसले, त्याला आता चार वर्षे होतील. पंचनामा अद्याप चालू आहे.

लहान मुलांचे खेळणे समजून मी एकदा त्या चाकाला हात लावला, तो त्याने माझ्या मनगटाला असा हिसका दिला की मी दोन पावले मागे सरलो. भाऊसाहेब प्रसन्नपणे म्हणाले, "घाबरू नका. ते कैफियत देतंय."

चाकाच्या पोटात दोन मोटरी असतात. संगणकावरील शर्यतीच्या खेळात पडद्यावरील मोटार वळू लागली की तिच्या पुढील टायरांवर किती भार आला, रस्ता कोठे खडबडीत आहे, याचे गणित खेळ क्षणोक्षणी मांडतो, आणि खऱ्या मोटारीत जे बल दांड्यांतून चालकाच्या हाताशी आले असते, ते या मोटरींकरवी हाताशी रुजू करतो. यास फोर्स फीडबॅक म्हणतात. भाऊसाहेबांच्या लेखी याचा अर्थ एकच होता: आयुष्यात प्रथमच जमिनीवरचा अहवाल मधल्या कोणा कारकुनाच्या हातून न जाता थेट त्यांच्या तळहातावर येत होता. आणि ज्याने चौतीस वर्षे खोटे अहवाल वाचले, तो पहिल्या खऱ्या अहवालावर विश्वास कसा ठेवील? साक्षीदार खरे बोलत आहे की नाही, याची उलटतपासणी त्यांनी तेव्हापासून आरंभिली.

त्या उलटतपासणीतून त्यांनी जे शास्त्र सिद्ध केले आहे, ते कचेरीच्या भाषेत असले तरी यंत्रदृष्ट्या निर्दोष आहे. "गेन, म्हणजे बलाचा जोर, फार वाढवला," ते सांगतात, "की मोटरीची शिकस्त होते. त्यापुढे खेळानं एकशेवीस मागितले काय नि एकशेसाठ मागितले काय, हाताला सगळं सारखंच. ह्याला क्लिपिंग म्हणतात. आमचे एक साहेब शाई सांडली तरी पूर्ण आवाजात ओरडायचे. अफरातफर सापडली त्या दिवशी ओरडायला त्यांच्याकडे वेगळा आवाजच उरला नव्हता." किमान बलाचे विवेचनही असेच. गिअरवर चालणाऱ्या चाकात घर्षण असल्यामुळे बारीकसारीक बल हातापर्यंत पोचतच नाही, म्हणून प्रत्येक हुकमात थोडी भर घालावी लागते, "जशी कानानं अधू असलेल्या शिपायासाठी आपण घालतो," परंतु ती जास्त झाली तर चाक सरळ रस्त्यावरही थरथरू लागते, "जसा तो शिपाई भेदरतो."

मात्र त्यांचा स्वर खरोखर गंभीर होतो तो टायरांच्या मौनाविषयी बोलताना. वळणात टायरावरचा भार वाढत जातो तसतसे चाक जड होते. पण पकड सुटण्याच्या किंचित अगोदर ते अकस्मात हलके पडते, कारण चाकाला सरळ करू पाहणारी टायराची तरफ पकड संपण्यापूर्वीच आखूड होऊ लागते. "रोज हरकत घेणारा प्रामाणिक कारकून एक दिवस निमूटपणे सही करतो ना," भाऊसाहेब खालच्या आवाजात म्हणतात, "तेव्हा समजावं, प्रकरण गेलं."

त्यांचा खेळ इटालियन असून 2014 साली पूर्णरूपात प्रसिद्ध झाला; त्याचे नाव 'असेत्तो कोर्सा'. इटालियन भाषेत या नावाचा अर्थ शर्यतीसाठी केलेली मोटारीची जुळवणी असा होतो, आणि भाऊसाहेबांनी तो अर्थ वरिष्ठांचे परिपत्रक मानून शिरोधार्य केला आहे. जुळवणी ते करतात. शर्यतीचा उल्लेख परिपत्रकात केवळ प्रसंगोपात्त आला असावा, अशी त्यांची समजूत दिसते. कापडी बांधणीच्या एका जाड वहीत प्रत्येक बदलाची फेरफार नोंद होते: पूर्वीचा आकडा, नवा आकडा, कारण, शेरा. नोंदीनंतर हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत घेणारेही तेच, सुनावणी घेणारेही तेच, आणि मंडल अधिकाऱ्याच्या रकान्यात सहीही त्यांचीच. माझ्या समक्ष चाकाला जडपणा देणाऱ्या 'डॅम्पर'चा एक अंक दोनदा तहकूब होऊन तिसऱ्या सुनावणीत नामंजूर झालेला आहे.

ही जात तशी नवी नव्हे. रेडिओच्या काळी ती स्टेशन न ऐकता काटा सरकवीत बसे, आणि घड्याळात वेळ न पाहता ते लावीत बसे. मुलगा दर रविवारी जर्मनीहून फोन करतो आणि म्हणतो, "बाबा, आज एक शर्यत होऊन जाऊ दे ना." भाऊसाहेब उत्तर देतात, "अरे, नोंद मंजूर व्हायची आहे." त्यावर तिकडे थोडा वेळ शांतता असते, आणि मग हवापाण्याच्या गोष्टी निघतात. मुलाचा आवाज तेवढ्यापुरता किती हलका होतो, हे मला शेजारच्या खुर्चीवर कळते.

स्वतःच्या खऱ्या मोटारीविषयी त्यांची फिर्याद अशी की विजेच्या मदतीने वळणारे तिचे स्टिअरिंग "काहीच कळवत नाही". खेळातील 'रस्त्याचे परिणाम' हा अंक त्यांनी सखोल विचारांती चाळीसवर आणला आहे. आमच्या गल्लीत तो बारमाही शंभरावर असून त्यात फेरफार करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे त्यांनाही ठाऊक नाही.

चौकशीची जागा म्हणून त्यांनी न्युरबुर्गरिंग या शर्यतस्थळाचा उत्तरेकडील मार्ग निवडला आहे: 1927 साली खुला झालेला, आयफेलच्या डोंगरांतून जाणारा, पावणेएकवीस किलोमीटरांहून थोडा लांब, ज्याला शर्यतवीर जॅकी स्ट्यूअर्टने हिरवा नरक म्हटले तो. तेथील कारुसेल नावाच्या काँक्रीटच्या कलत्या वळणात चाक इतके दणके देते की गेनचा निवाडा तेथेच लागतो, असे त्यांचे मत. चार वर्षांतील त्यांची सर्वोत्तम फेरी 9 मिनिटे 52 सेकंदांची होती.

गेल्या महिन्यात एके रात्री संगणकाने परस्पर स्वतःची सुधारणा करून घेतली, आणि तीत चाकाचे सारे आकडे पुसले जाऊन कारखान्यातून निघतानाची मूळ स्थिती आली. भाऊसाहेबांना याचा पत्ता नव्हता. सकाळी मी चहाला गेलो तेव्हा ते मोटार हाकीत होते. कारुसेलमधून अशी अलगद बाहेर निघालेली मोटार मी तेथे कधी पाहिली नव्हती. फेरी संपली: 9 मिनिटे 31 सेकंद. भाऊसाहेब लहान मुलासारखे हसले, आणि कोणते आकडे इतके सफल झाले ते पाहण्यासाठी त्यांनी सेटिंगांचे पान उघडले.

त्यांचे हसू मावळताना मी पाहिले. बराच वेळ ते पानाकडे बघत राहिले, मग त्यांनी चष्मा पुसला, वही ओढली आणि वळणदार अक्षरात लिहिले: "सदर फेरी मंजुरीविना बदललेल्या आकड्यांवर झाली असल्याने अभिलेखात घेता येत नाही. स्थिती पूर्ववत् करावी." त्याच दुपारी सत्त्याऐंशी फेरफारांनी सिद्ध झालेले सर्व आकडे वहीवरून एकेक करून पुन्हा भरण्यात आले.

फेरफार क्रमांक 88 अन्वये गेन 67 वरून 66 करण्याचे योजिले आहे. हरकतीची मुदत अद्याप खुली आहे. कोणा वाचकास हरकत असल्यास त्याने ती लेखी द्यावी, भाऊसाहेब तोंडी घेत नाहीत.