एक इंदूर म्हणजे अकरा हजार

नाशिकच्या सिडकोत कुठल्याही चौकात उभं राहून ‘भाऊसाहेब!’ अशी हाक मारली, तर किमान चार गॅलऱ्यांतून माणसं डोकावतात. त्यांतल्या दोघांची अंबडला फर्स्ट शिफ्ट असते, एक रिटायर असतो, आणि चौथा ‘आता तुमचं काही खरं नाही’ हे कंपनीनं तोंडानं न सांगताही समजून बसलेला असतो. मी सांगतोय ते या चौथ्या भाऊसाहेबांबद्दल.

वय एक्कावन्न. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला सत्तावीस वर्षं. ते कामाला लागले त्या काळात नाशिककडे मुलाची पत्रिका नंतर बघत, आधी गेट बघत. मायको, महिंद्र, क्रॉम्प्टन, ओझरचं एचएएल. मुलगा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये असला तर गुणही जुळवत नसत, कारण जिथं नोटाच छापतात तिथं मंदी यायची कुठून? भाऊसाहेबांचं गेट या सगळ्यांच्या दोन पायऱ्या खाली होतं; पण परमनंट होतं. तेवढ्यावर वहिनी घरात आल्या.

हल्ली या गेटाच्या आत चिन्हं दिसू लागली आहेत. व्हेंडरांच्या डायऱ्या यंदा आल्या नाहीत. कॅन्टीनमधलं बुधवारचं गोड बंद झालं. ओटी तर आता फक्त जुन्या माणसांच्या आठवणीत उरला आहे. मग एके दिवशी एचआरची नोटीस लागली : साठलेल्या पीएल सर्वांनी मार्चअखेर संपवाव्यात. बाकीचे खूश झाले. कोणी कांदा काढायला निफाडला गेला, कोणी सासुरवाडीला. भाऊसाहेबांनी मात्र नोटीस दोनदा वाचली आणि ओळखलं, की शेवटच्या हिशेबात रजेचे पैसे द्यायला लागू नयेत म्हणून ही माया. त्याच संध्याकाळी त्यांनी घरी जाहीर केलं, “आपण इंदूरला जातोय. तीन रात्री, चार दिवस.”

वहिनी कणीक मळत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, नोकरी चाललीय आणि तुम्हाला सहली सुचतायत?”

भाऊसाहेबांचं उत्तर तयार होतं. “नोकरी गेल्यावर फिरलो तर लोक म्हणतील, रिकामा फिरतोय. नोकरी असताना फिरलो तर ती रजा.”

या युक्तिवादात मला आजवर खोट सापडलेली नाही.

इंदूरच का, याचीही टिपणं वहीत आहेत. वही २०१९ची, एका बेअरिंगवाल्यानं दिलेली. तारखा जुन्या झाल्या तरी कागद जाड आहे. पहिल्या पानावर शहरांचा निकाल लावलाय. मुंबई बाद : पंचवटी एक्सप्रेसनं जी माणसं रोज जाऊन-येऊन नोकरी करतात त्यांच्यादेखत मुंबईला सहल म्हणवत नाही. पुणे बाद : तिथं साडू आहेत, ते ‘कंपनी काय म्हणते?’ असं विचारतात. शेगाव, शिर्डी, कोल्हापूर एका रेघेत बाद : अशा दिवसांत देवाच्या गावाला गेलं की अख्खी कॉलनी म्हणणार, नवस बोलायला गेला. इंदूरला कोणी नवस बोलायला जात नाही. शिवाय ते स्वच्छ शहरांच्या यादीत वर्षानुवर्षं पहिलं. भाऊसाहेब म्हणतात, “जिथं कचऱ्यालासुद्धा काम मिळतं, ते गाव बघून यायला हवं.”

एवढं सगळं ठरल्यावर आईंनी विचारलं, “इंदुराहून उज्जैन किती लांब रे?” पंचावन्न किलोमीटर. त्यावर भाऊसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत.

प्रवासाच्या पानावर मात्र त्यांची खरी प्रतिभा दिसते. आई अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे एसटीत पंच्याहत्तरीवरच्यांना फुकट. वहिनी आणि मुलगी यांना २०२३पासून अर्धं तिकीट. चार माणसं, दोन तिकिटं. घरात पूर्ण भाड्याचा माणूस एकटे भाऊसाहेबच, आणि नेमका तोच कंपनीला जड झालाय, हा विनोद ते स्वतःच करतात, म्हणून मी लिहायला धजलो. महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपुरती असल्यानं त्यांनी प्रवासाचे दोन तुकडे पाडलेत. ओझर, पिंपळगाव, चांदवड, मालेगाव, धुळे करत शिरपूरपर्यंत आपली लाल परी. पुढं पळासनेर ओलांडून सेंधव्याला जाणारी मिळेल ती गाडी. चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल आहे, तेव्हा होळकरांचं दर्शन तिथंच सुरू होतं आणि त्याचं वेगळं भाडं पडत नाही, अशी समासात नोंद आहे.

आगगाडीचाही विचार झाला होता. मनमाड ते इंदूर अशा थेट मार्गाला केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, खर्च अठरा हजार कोटींच्या वर. मी उत्साहानं म्हटलं, “भाऊसाहेब, थोडं थांबा की मग.” ते म्हणाले, “त्या गाडीत बसेन तेव्हा मी ज्येष्ठ नागरिक असेन. आणि ज्येष्ठांची सवलत रेल्वेनं २०२०लाच बंद केलीय.”

लॉजचं काम फोनवर चालतं, आणि तेही कॅन्टीनमागच्या सायकल स्टँडवरून. “चेकआऊट चोवीस तासांचा की दुपारी बाराचा? गरम पाणी बादलीनं की नळाला? चौथ्या माणसाची गादी धरून सांगा.” इतक्या वेळा विचारणा झाली आहे की स्टेशनाजवळच्या एका लॉजवाल्यानं आता नंबर सेव्ह करून ठेवलाय. फोन उचलल्या उचलल्या तो म्हणतो, “हां नासिकवाले भिया, कब आ रिये हो?” हा प्रश्न त्यांना सध्या आपुलकीनं विचारणारा तो एकटाच. खाण्याचा बेतही ठरलाय. सराफ्यात दागिन्यांची दुकानं मिटली की रात्री खाऊगल्ली सुरू होते, तेव्हा जेवण तिथं. उशिरा जेवल्यानं सकाळी उशिरा भूक लागणार, तेव्हा अकराला पोहे-जलेबी. मग दुपारचं जेवण आपोआपच गळतं. “आई?” वहिनींनी विचारलं. “आईंना भुट्ट्याचा कीस,” भाऊसाहेब म्हणाले. तोही लिहिलेला होता.

असा सगळा मिळून आकडा आला अकरा हजार. आणि तिथून भाऊसाहेबांच्या आयुष्यात नवं चलन सुरू झालं. मुलीची फी एक लाख दहा हजार, म्हणजे दहा इंदूर. गीझरची दुरुस्ती पाव इंदूर. साडूच्या मुलाच्या लग्नातला आहेर अर्धा इंदूर; तिथं हात आखडता घ्यावा असा शेरा. ग्रॅच्युइटी अर्थात याच मापात. कायदा पंधरा दिवसांचा पगार काढताना महिना २६ दिवसांचा धरतो. बेसिक सव्वीस हजार धरा (खरा आकडा ते सांगत नाहीत), तर वर्षाला पंधरा हजार. सत्तावीस वर्षांचे चार लाख पाच हजार. “छत्तीस इंदूर, वर नऊ हजार,” भाऊसाहेब म्हणाले.

“कायद्याचा महिना सव्वीस दिवसांचा असेल,” वहिनी म्हणाल्या, “माझा एकतीस दिवसांचा असतो. आणि छत्तीस वेळा इंदूरला जाऊन करायचं काय?”

व्हीआरएसचीही कुजबुज आहे. पण त्याबद्दल भाऊसाहेबांची मतं कडक आहेत. आधीच्या पिढीतल्या ज्यांनी ज्यांनी ती घेतली त्यांतल्या निम्म्यांनी मिसळीची दुकानं काढली, उरलेले एलआयसीचे एजंट झाले. “आता मीही मिसळ काढली तर खायला कामावर उरणार कोण?”

दुपारच्या सुट्टीत ते ताटं मोजतात. हा छंद नोव्हेंबर २०२५पासूनचा. त्या महिन्यात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. पूर्वी शंभर कामगार असले की माणसं कमी करायला सरकारची परवानगी लागायची, ती रेषा आता तीनशेवर गेली. तेव्हापासून कॅन्टीनमध्ये धुऊन रचलेल्या स्टीलच्या ताटांवरून भाऊसाहेबांची नजर फिरत राहते. एकदा ३१२ होती. परवा २९७. कंत्राटी मुलांची ताटं धरायची की वजा करायची, यावर युनियनच्या ऑफिसात दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांना पुढचा वेतनकरार कधी होईल हे माहीत नाही.

मी एकदा विचारलं, “नक्की परिस्थिती काय आहे?”

“आरएसी,” ते म्हणाले. “बसायला जागा आहे. झोप नाही.”

कॉलनीतली माणसं त्यांना हसतात, ‘गाव बुडतंय आणि हा चादर निवडतोय’ म्हणतात. मला तसं वाटत नाही. कंपनी त्यांना कुठलीच तारीख देत नाही. ‘मॅनेजमेंट विचार करतंय’ एवढंच सांगते. सत्तावीस वर्षं ज्या माणसानं शून्य पॉइंट शून्य दोन मिलिमीटरच्या टॉलरन्सवर काम केलं, त्याला ‘विचार करतंय’ या मापाचं काय करायचं ते कळत नाही. तेव्हा त्यानं स्वतःचं एक ड्रॉइंग काढलं, त्याला मापं दिली आणि आता तो ती तपासत बसतो. मी तर म्हणेन, त्या कारखान्यात सध्या नीट झालेलं नियोजन तेवढं एकच आहे. वहिनींनाही हे कळलं असावं. त्यांनी परवा माळ्यावरून मोठी बॅग काढून उन्हात ठेवली, वर म्हणाल्या, “झुरळं झाली होती.”

गेल्या गुरुवारची गोष्ट भाऊसाहेबांनी स्वतः सांगितली. जेवणाच्या सुट्टीत एचआरचा मुलगा टूलरूममध्ये आला. वय अठ्ठावीस-एकोणतीस, गळ्यात कार्ड. पीएलच्या नोटिशीवर सही त्याचीच. भाऊसाहेबांनी हातातला व्हर्नियर खाली ठेवला. वाटलं, आला कागद. मुलानं दार लोटून घेतलं, खुर्चीच्या कडेवर टेकला आणि हळूच म्हणाला,

“काका, ते तुमचं इंदूरचं ऐकलं. आम्हालाही पीएल संपवायला सांगितलंय. दोघांचं कितीत बसेल?”

भाऊसाहेबांनी चष्मा लावला. २०१९ची डायरी उघडून नवं पान काढलं, वर तारीख घातली.

“सर्व्हिस किती झाली?”

“तीन वर्षं, दोन महिने.”

भाऊसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

“पाच पूर्ण नाहीत, म्हणजे ग्रॅच्युइटी नाही,” ते म्हणाले. “तुम्ही सापुतारा करा. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. आणि डबा घरून न्या.”