आषाढातलं जेवण: नवख्या यजमानांसाठी

कोल्हापुरात नुकतंच घर मांडलं असेल आणि आषाढात चार माणसांना जेवायला बोलवावं असं मनात आलं असेल, तर आधी एवढं लक्षात घ्या की चार माणसं असा आकडा इथं नसतो. चौघांना सांगितलं तर नऊ जण येतात, आणि सात आले तर राहिलेले दोघं का आले नाहीत याची चौकशी आठवडाभर चालते.

मुहूर्त निवडायचे कष्ट नाहीत. पंचगंगेला नवं पाणी आलं की आषाढातल्या मंगळवारी-शुक्रवारी गल्लोगल्लीच्या यात्रा टेंबलाईच्या टेकडीकडे निघतात. पुढं पी ढबाक वाद्यांचा गजर, मागं डोक्यावर पाण्याचे कलश घेतलेल्या मुली. ते पाणी त्र्यंबोली देवीच्या, म्हणजेच टेंबलाईच्या, पायऱ्यांवर वाहिलं जातं आणि घरोघरी चुलीवर मटण चढतं. महिना संपला की श्रावण. त्यामुळं सगळ्या शहराला एकाच वेळी घाई असते, तुम्हालाही असू द्या.

आता आमंत्रण. नवखे लोक स्वयंपाकाला घाबरतात. घाबरायचं ते इथं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेलं आमंत्रण धरलं जात नाही. थोरल्या घरांना दारात जाऊन सांगावं, उरलेल्यांना फोन करावा, आणि हे सगळं एकाच दिवसात उरकावं. नाहीतर धाकट्या काकींना आधी कळलं आणि आत्तीला नंतर, एवढ्यावरून दिवाळीपर्यंतचं बोलणं बंद होतं. अतिशयोक्ती वाटत असेल तर टेंबलाईचीच कथा ऐका. कोल्हासुराच्या वधानंतर अंबाबाईनं उत्सव केला आणि संकटात धावून आलेल्या त्र्यंबोलीलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली आणि टेकडीवर जाऊन पाठ फिरवून बसली. शेवटी अंबाबाई स्वतः समजूत काढायला गेली. आजही नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेकडीवर जाते आणि तिथं कोहळा फुटतो. देवीची ही गत, मग तुमच्या आत्तीचं काय घेऊन बसलात?

आलेल्या उत्तरांचा अर्थही लावता आला पाहिजे. ‘येतो की!’ म्हणणारा येतो. ‘बघू या, जमलं तर’ म्हणणारा दोघांना घेऊन येतो. ‘आमचं काय, आम्ही घरचीच माणसं’ म्हणणारे दुपारीच येतात आणि रश्शात मीठ कमी आहे असं सांगतात.

मटण सकाळी लवकर आणा. सोबत जाणतं माणूस न्या, म्हणजे मांडी किती, चाप किती, नळ्या किती हा वाद दुकानातच मिटतो. माणशी पाव किलो धरा आणि वर थोडं जास्त घ्या. दराबद्दल कुरकुर करायला हरकत नाही, इथं ती नागरी कर्तव्यासारखी पाळली जाते. २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून शहरात आंदोलन झालं होतं. गल्लीत वर्गणीचं बकरं असेल आणि वाटे पडणार असतील, तर तुमच्या वाट्यात काय आलं यावर काही बोलू नका. शेजारच्या वाट्याकडे तर बघूही नका.

कांदा-लसूण चटणी आता करायची म्हणाल तर उशीर झाला. ती उन्हाळ्यातच डंकावरून कुटून आणलेली असायला हवी. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला. घरात नसेल आणि आईकडून किंवा सासूकडून बरणी आली नसेल, तर हा लेख पुढच्या वर्षासाठी कापून ठेवा. बाजारातलं पाकीट वापरलंत तर पाहुणे तोंडावर काही बोलणार नाहीत, पण घरी जाताना वाटेत सगळं बोलतील.

मटण आलं-लसूण-कोथिंबिरीच्या वाटणात, मीठ घालून, भरपूर पाण्यात मंद शिजवा. हळद जपून, कारण याच पाण्यातून पांढरा रस्सा निघायचा आहे. शिजलं की अळणी, म्हणजे हे मटणाचं पाणी, दोन भांड्यांत काढा. एकात भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण आणि चटणी घालून तांबडा रस्सा करा, वर कट आला पाहिजे. दुसऱ्यात काजू, खसखस, तिळाचं वाटण, लवंग-दालचिनी-मिरी आणि शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर उकळी आणू नका, पांढरा फुटतो. फुटलेल्या पांढऱ्यावर या शहरात उपाय नाही. मटणाचे तुकडे सुक्क्याला. आणि कृपा करून तिखटाची शर्यत लावू नका. बाहेरगावच्या हॉटेलांतल्या ‘व्हेज कोल्हापुरी’नं आपली बदनामी पुरेशी केली आहे. तांबडा झणझणीत असावा, पण जिभेला चवही कळली पाहिजे.

एवढ्यात दाजी स्वयंपाकघरात येतील. त्यांनी शेतावरच्या पार्ट्यांत शंभर माणसांचा रस्सा केलेला असतो आणि त्यांना तुमचं वाटण जरा जाडसर वाटतं. वाद घालू नका. त्यांच्या हातात सोलायला लसूण द्या, लसूण सोलून होईतो मसाला परतून झालेला असतो.

माळकरी मामांना विसरू नका. त्यांच्यासाठी अख्खा मसूर, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीनं. तो चांगला झाला तर निम्मी पंगत तोही मागते, म्हणून जास्त करा.

वाढताना ताटात सुक्कं, भाकरी, कांदा, लिंबू आणि दोन वाट्या. खरं काम वाट्यांचं आहे. इथं रस्सा पितात, आणि पिणाऱ्याची वाटी रिकामी दिसणं हा यजमानाचा गुन्हा. ‘बास’ पहिल्यांदा ऐकलं की वाढायचं, दुसऱ्यांदा ऐकलं की अर्धी पळी. वाटीवर हात आडवा धरला तर थांबायचं, पण हात कधी निघतो यावर लक्ष ठेवायचं. पांढरा कमी पडेल म्हणून थोडी अळणी आधीच राखून ठेवा. भर पंगतीत पातेल्यात पाणी ओतताना कुणी पाहिलं तर पुढच्या आषाढात तुम्ही जेवायला जाल, जेवण घालणार नाही.

तुम्ही स्वतः शेवटच्या पंगतीत जेवाल. तोवर सुक्कं संपलेलं असेल. नळी मिळाली तर नशीब समजा, नाहीतर रस्सा-भात.

रात्री भांडी घासायच्या आधी डबे भरा: जे येऊ शकले नाहीत त्यांचे, आणि ज्यांना सांगायचं राहिलं असेल असा संशय आहे त्यांचेही. दुसऱ्या दिवशी ‘आम्हाला कुठं सांगितलंत?’ असा फोन आला तर खुलासे करत बसू नका, डबा घेऊन निघा. श्रावण लागेपर्यंत थांबलात तर साबुदाण्याची खिचडी घेऊन जावं लागेल, आणि तिनं कुणाचा राग जात नाही.