आहेराची वही आणि कोसंबी

डेक्कन क्वीन कोपरला थांबत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी तिच्यातून पुण्याहून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जात, तेव्हा तर इथे स्टेशनही नव्हतं. आता आहे, आणि सकाळी फलाटावर लोकलची वाट पाहणारी प्राध्यापक मंडळीही आहेत. त्यांचं बोलणं कानावर पडतं. "सर, एच-इंडेक्स किती झाला?" "सात." "मग काय सर, प्रमोशन झालंच म्हणायचं!" पूर्वी अशा दबक्या आवाजात लोक एकमेकांचा पगार विचारत.

हा इंडेक्स 2005 मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. सात म्हणजे, तुमच्या सात लेखांचा प्रत्येकी निदान सात वेळा दाखला दिला गेला. आहेराच्या वहीसारखंच हे. कोणी किती घातला, कोणाला किती परत करायचा. एकमेकांचे दाखले देऊन दोन्ही घरं खूश राहतात, हेही तसंच.

या वहीत कोसंबींना कुठल्या पानावर लिहायचं? 1907 साली गोव्यात जन्म, हार्वर्डची पदवी, पेशाने गणिती. 1943 मध्ये त्यांनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यातली कल्पना पुढे कारुनेन आणि लोएव्ह या दोघांनी स्वतंत्रपणे मांडली, आणि जग ती त्या दोघांच्याच नावाने ओळखू लागलं. कोसंबींचं नाव अलीकडे कुठे कुठे पुढे जोडतात. उशिरा आलेला आहेर!

पुढच्याच वर्षी, 1944 मध्ये, आनुवंशशास्त्रावर एक लेख. दोन जनुकं गुणसूत्रावर एकमेकांपासून किती लांब आहेत हे पुढच्या पिढीत त्यांची किती वेळा ताटातूट झाली त्यावरून काढतात. आनुवंशशास्त्रज्ञ हॉल्डेन यांचं त्यासाठीचं सूत्र, म्हणजे 'फंक्शन', धरून चालतं की गुणसूत्राची एका जागी अदलाबदल झाली तरी शेजारच्या जागेवर त्याचा काही परिणाम होत नाही. कोसंबींनी तो परिणाम हिशेबात घेतला. ताटातूट वीस टक्के असेल तर हॉल्डेन अंतर साडेपंचवीस सेंटिमॉर्गन सांगतात, कोसंबी एकवीसच्या आसपास. भात-गव्हाचे जनुकीय नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही हे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. संशोधक 'कोसंबी' निवडतो, निबंधात एक वाक्य टाकतो आणि पुष्कळदा मूळ लेखाचा दाखला द्यायचं विसरतो. नाव इतकं रुळलं की वहीत चढेनासं झालं.

शिवाय नाणी. चांदीची आहत, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन नाणी हातोहात फिरून झिजतात, तेव्हा वजनाच्या आकडेवारीवरून त्यांचा काळ ताडता येईल, हा त्यांचा हिशेब. त्यासाठी हजारो नाणी तराजूवर तोलली. चलनात फिरणाऱ्या नाण्यांच्या वजनावरही लेख लिहिला. मधल्या काळात भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती (1948), मग भारतीय इतिहासाचं ते गाजलेलं पुस्तक (1956). हे सगळं एकाच माणसाने केलं. फॉर्मवर 'विषय' या रकान्यात मात्र एकच शब्द लिहायची सोय असते.

मला त्यांची खोडीही आवडते. 1931 मध्ये त्यांनी 'बूर्बाकी' नावाच्या काल्पनिक गणितज्ञाच्या प्रमेयावर लेख छापला. पुढे 'एस. डुक्रे' या टोपणनावाने शोधनिबंध लिहिले. आज कोणी असं केलं तर त्याचा निम्मा आहेर भलत्याच घरी जाईल. आणि चूकही केली तर छोटी नाही. 1959 मध्ये रीमानच्या प्रसिद्ध कूटप्रश्नाचं उत्तर म्हणून त्यांनी लेख लिहिला, तोही कृषी-सांख्यिकीच्या नियतकालिकात! सिद्धता टिकली नाही, आणि गणितातल्या त्यांच्या नावाला बट्टा लागला. मात्र एच-इंडेक्स चुकीच्या लेखाचा दाखलाही तितक्याच आदराने मोजतो, हे विसरू नका.

1962 मध्ये टाटा संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही, आणि 1966 मध्ये ते पुण्यात वारले. कृषी विद्यापीठातलं कोणी ओळखीचं असेल तर एकदा विचारून पाहा, "कोसंबी कोण?" उत्तर 'एक फंक्शन' असं आलं, तर त्याच्या हातात कोसंबींचं 'मिथ अँड रिअॅलिटी' हे पुस्तक द्या. आणि इतिहासवाल्याने 'फंक्शन म्हणजे?' विचारलं, तर त्याला त्या कृषीवाल्याकडे पाठवा.